मोह, मळी आणि मोटार

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याच्या रस्त्यास लागले म्हणजे थोड्याच मैलांवर शेंद्रा हे गाव येते. पूर्वी या गावाचे नाव निघाले की पंचक्रोशीतील लोकांस चैत्रातील मांगीरबाबांची यात्रा आठवे. आज तेथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची विस्तीर्ण वसाहत आहे. तिच्यात २००१ सालापासून स्कोडा कंपनीच्या मोटारी जुळविल्या जातात, आणि त्याच वसाहतीत धान्य आंबवून त्यापासून मद्यार्क काढणारा कारखानाही चालतो. एक मोटार तयार करतो, दुसरा मद्य. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल असे रस्त्याने जाणाऱ्याच्या मनात येत नाही. तथापि मोटारीच्या यंत्रास मद्यार्क चालतो ही गोष्ट शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. आणि शेंद्रा ज्या मुलखात आहे त्या जुन्या हैदराबाद संस्थानात तर या इंधनाचा विचार पहिल्या महायुद्धाच्या अखेरीसच होऊन गेला होता. असे असता तो विचार पुनःपुन्हा पुढे येऊन पुनःपुन्हा मागे का पडला, हे पाहण्याचा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम यंत्राची बाजू पाहू. मोटारीच्या इंजिनास इंधनाच्या जातीचे सोयरसुतक नसते. जे द्रव्य हवेत मिसळून ठिणगीबरोबर चटकन पेट घेईल आणि दट्ट्यास जोराने ढकलील ते त्यास चालते. मद्यार्क हे काम उत्तम करतो. एका लिटर मद्यार्कात पेट्रोलच्या मानाने सुमारे दोन तृतीयांशच उष्णता असते, हा त्याचा उणेपणा खरा. परंतु इंजिनात इंधन अवेळी पेटून जो ठोका बसतो तो मद्यार्काने बसत नाही. त्यामुळे मिश्रण अधिक दाबता येते आणि तोट्याचा काही भाग भरून निघतो. दुसरी अडचण पाण्याची. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क सुमारे ९६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतो. उरलेले पाणी त्यास सोडीत नाही. असा ओलसर मद्यार्क एकटा जाळता येतो, पण पेट्रोलमध्ये मिसळला तर ते पाणी दोघांत फूट पाडते आणि टाकीच्या तळाशी वेगळा थर बसतो. बेंझिनच्या साहाय्याने हे शेवटचे पाणी काढण्याची रीत १९०२ साली सिद्ध झाली, आणि मद्यार्क व पेट्रोल यांचा मिलाफ होण्याचा मार्ग मोकळा झाला.

त्याच १९०२ साली बर्लिन येथे मद्यार्कावर चालणाऱ्या यंत्रांचे व दिव्यांचे प्रदर्शन भरले होते. जर्मनीत खनिज तेल फारसे नव्हते. बटाटे मात्र मुबलक होते. शेतकऱ्यांच्या भट्ट्यांतून बटाट्याचा मद्यार्क निघे आणि त्याला गिऱ्हाईक मिळावे अशी तेथील सरकारची इच्छा होती. अमेरिकेत याच्या उलट घडले. तेथे यादवी युद्धाचा खर्च भागविण्यासाठी १८६२ पासून मद्यार्कावर जबर कर बसविण्यात आला. कर पिण्याच्या दारूसाठी होता. परंतु दिव्यात जळणाऱ्या मद्यार्कासही तो लागू झाला, आणि रॉकेलला मैदान मोकळे मिळाले. औद्योगिक मद्यार्कावरील हा कर उठण्यास १९०६ साल उजाडावे लागले. म्हणजे एकाच द्रव्यास एका देशात शेतीचा आधार म्हणून उत्तेजन मिळाले, आणि दुसऱ्या देशात कराच्या ओझ्याखाली ते दबून गेले. यंत्र दोन्हीकडे सारखेच होते.

आपल्याकडे या कराचे नाव आबकारी. इंग्रजी मुलखात काय किंवा संस्थानी मुलखात काय, आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. निजामाच्या राज्यात दारूच्या भट्ट्यांचे व दुकानांचे हक्क गुत्तेदारांस दिले जात. मराठवाड्यात देशी दारू म्हणजे प्रामुख्याने मोहाच्या फुलांची. मोहाचे झाड डोंगराळ, हलक्या जमिनीत आपोआप वाढते; त्यास कोणी पाणी घालीत नाही. फाल्गुन-चैत्रात पहाटेच्या सुमारास त्याची मांसल, गोड फुले टपटप खाली पडतात आणि बायकामुले टोपल्या घेऊन ती वेचतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याच्या आसपास साखर असते. ती आंबविली की दारू होते हे सर्वांस ठाऊक आहे. पण तीच फुले भाजून, उकडून, भाकरीत घालून खाल्ली जातात आणि उन्हाळ्याच्या ओढगस्तीच्या महिन्यांत आदिवासी घरांना तीच तारतात, ही गोष्ट शहरी माणसास क्वचितच माहीत असते.

सरकारच्या दृष्टीस मात्र त्या फुलात फक्त दारू दिसे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्याने घरगुती भट्ट्यांवर गदा आली होतीच. पुढे १८९२ साली ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी खास मोहाच्या फुलांविषयी कायदा झाला आणि ती फुले बाळगण्यावर व विकण्यावर निर्बंध आले. झाडावरून आपोआप पडणाऱ्या फुलास कायद्याच्या कुलपात ठेवण्याचा हा प्रकार ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण ज्या द्रव्यावर उत्पन्नासाठी इतका कडक पहारा बसला, ते स्वस्त इंधन म्हणून गावोगाव मिळू देणे त्या पहारेकऱ्यास कसे रुचावे? जाळण्याचा मद्यार्क कोणी पिऊ नये म्हणून त्यात पिरिडीनसारखी दुर्गंधी द्रव्ये मिसळावयाची, त्यावर शिपाई नेमावयाचे, परवाने द्यावयाचे, हिशेब ठेवावयाचे. या सर्व खटाटोपाचा खर्च अखेर इंधनाच्या किमतीवर चढतो.

पहिल्या महायुद्धाने हा प्रश्न प्रथमच निकडीचा केला. मोटारी, विमाने, लढाऊ जहाजे सारी तेलावर चालू लागली आणि तेल तर मोजक्याच देशांच्या हाती. तेव्हा ब्रिटिश सरकारने १९१८ च्या अखेरीस सर बॉव्हर्टन रेडवुड या तेलतज्ज्ञाच्या अध्यक्षतेखाली मद्यार्काचा शक्तिसाधन म्हणून विचार करण्यासाठी एक समिती नेमली. १९१९ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. साम्राज्यातील निरनिराळ्या देशांत मद्यार्क कशाकशापासून काढता येईल याचा शोध घेता घेता ही समिती आपल्या मोहापाशी येऊन थांबली. एक टन वाळलेल्या फुलांपासून ९५ टक्के शुद्धतेचा सुमारे ९० गॅलन मद्यार्क मिळतो, असे तिने नमूद केले. आणि पुढे असेही लिहिले की, एकट्या हैदराबाद संस्थानात मोहाची झाडे इतकी आहेत की स्थानिक दारूची गरज भागवून वर दरसाल ७ लाख गॅलन प्रमाणित तीव्रतेचा मद्यार्क निघू शकेल.

या आकड्याचा अर्थ थोडा फोडून पाहू. प्रमाणित मद्यार्कात शुद्ध मद्यार्क सुमारे ५७ टक्के असतो. म्हणजे ७ लाख गॅलनांत शुद्ध माल सुमारे ४ लाख गॅलन, आणि कामाच्या हिशेबाने तो सुमारे पावणेतीन लाख गॅलन पेट्रोलच्या बरोबरीचा. पुढे १९३२ साली निजामाच्या रेल्वेने प्रवासी मोटारींचे खाते सुरू केले तेव्हा तिच्यापाशी २७ गाड्या होत्या. प्रत्येक गाडी रोज शंभर मैल धावते आणि गॅलनला आठ मैल जाते असे धरले तर त्या साऱ्या ताफ्यास वर्षाकाठी सव्वा लाख गॅलनांहून कमी पेट्रोल पुरले असते. म्हणजे, अंदाज खरा असेल तर, संस्थानच्या प्रवासी मोटारींचा पहिला ताफा आपल्याच डोंगरांतील फुलांवर दोनदा चालविता आला असता.

शास्त्रीय तयारीही कमी नव्हती. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. गिल्बर्ट फाउलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहाच्या फुलाच्या जीवरसायनाचा अभ्यास करून १९२० साली संस्थेच्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. या सहकाऱ्यांच्या नावांत भाटे हे एक मराठी आडनावही आढळते. फुलातील साखर कोणती, ती किण्वाने कशी आंबते, साठवणीत फुलांचा बिघाड कसा होतो, यांची उत्तरे प्रयोगशाळेत मिळू लागली होती.

परंतु युद्ध संपले, पेट्रोल पुन्हा वाहू लागले आणि फुले जेथल्या तेथेच राहिली. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. मोह काही शेतात रांगेने लावलेला नसतो. त्याची झाडे डोंगरदऱ्यांत विखुरलेली; फुलांचा हंगाम काही आठवड्यांचा; वेचणारे हात गरिबांचे आणि त्यांना ती फुले स्वतःच्या पोटासाठीही हवीत. इतकी फुले गोळा करून, सुकवून, बैलगाडीने स्थानकापर्यंत आणावयाची, तर त्यांचा भाव चढणारच. समितीच्या हिशेबात झाडे मोजली गेली होती. टोपल्या मोजल्या गेल्या नव्हत्या.

मद्यार्काचा दुसरा योग आला तो मळीच्या रूपाने. १९३२ साली साखर धंद्यास जकातीचे संरक्षण मिळाले आणि हिंदुस्थानात साखरेचे कारखाने झपाट्याने वाढले. १९३१-३२ च्या हंगामात ते तीसच्या आसपास होते, ते पाचच वर्षांत शंभराच्या वर गेले. साखर काढून घेतल्यावर मागे राहणारी काळी, चिकट मळी कोठे टाकावी हा कारखानदारांपुढे पेच पडला. ती खड्ड्यांत साठे, ओढ्यांत वाहे आणि दुर्गंधीने गावे हैराण होत. या मळीपासून मद्यार्क काढून तो पेट्रोलमध्ये मिसळावा ही कल्पना स्वाभाविक होती. फ्रान्सने १९२३ साली आणि ब्राझीलने १९३१ साली अशा मिश्रणाचा कायदा केलाच होता. आपल्याकडे संयुक्त प्रांत व बिहार यांच्या सरकारांनी १९३८ च्या सुमारास समिती नेमून हा प्रश्न तपासला आणि संयुक्त प्रांताने १९४० साली तसा कायदा केला.

हैदराबाद संस्थानात १९३७ साली निजामाबाद जिल्ह्यात बोधन येथे निजाम शुगर फॅक्टरी स्थापन झाली. त्याच जिल्ह्यात कामारेड्डी येथे मोहाच्या फुलांपासून इंधनाचा मद्यार्क काढणारा कारखानाही उभा राहिला. १९१९ च्या अहवालातील कल्पना अशा रीतीने वीस-पंचवीस वर्षांनी प्रत्यक्षात उतरली. मात्र मराठवाड्याच्या वाट्यास त्या काळी यातले फारसे काही आले नाही. औरंगाबादच्या आसपास ज्वारी, बाजरी आणि कापूस पिके. उसास लागणारे बारमाही पाणी नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात टंचाई अधिकच जाणवली. १९४१ पासून पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती पडल्यावर तेथील तेलविहिरींचे तेल तर बंदच झाले. माघार घेणाऱ्या इंग्रजांनीच त्या विहिरी उद्ध्वस्त केल्या होत्या. तेव्हा आपल्या रस्त्यांवर ते विलक्षण दृश्य दिसू लागले: मोटारीच्या पाठीस उंच लोखंडी बंब, त्यात धगधगणारा लाकडी कोळसा आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर कण्हत चढण चढणारी गाडी. अशा गाडीचा जोर पेट्रोलच्या गाडीपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने तरी कमी पडे. निघण्यापूर्वी बंब पेटवून तापण्याची वाट पाहावी लागे. राख काढावी लागे. गाळणी साफ करावी लागे. तरीही सर्वसामान्य प्रवाशांची वाहतूक पुष्कळशी याच युक्तीने चालू राहिली. मात्र हा कोळसा येई जंगलातून. पेट्रोलची बचत झाली, तिची किंमत झाडांनी दिली.

तेलबियांच्या तेलाचीही आठवण अशा वेळी होते. डिझेलचे इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालू शकते हे १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात दाखविण्यात आले होते, आणि आपल्याकडील करंजाचे तेलही या कामी अनेकदा तपासले गेले आहे. पण खाण्याचे तेल इंजिनात ओतणे महाग, आणि करंजाच्या बिया वेचण्याची अडचण मोहासारखीच. शिवाय कच्चे तेल दाट असल्याने इंजिनात काजळी धरते. म्हणून ही वाट आजवर रुंद झाली नाही.

स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ साली, मध्यवर्ती सरकारने शक्तिमद्यार्काचा कायदा संमत केला. पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळण्याची सक्ती करण्याचा अधिकार त्याने सरकारच्या हाती दिला. नव्या राष्ट्राने तेलाच्या बाबतीत परावलंबी राहू नये ही त्यामागील भावना होती. परंतु काळ पालटला. आखाती देशांचे तेल स्वस्तात मिळू लागले. मळीच्या मद्यार्कास रसायनांच्या व कृत्रिम रबराच्या कारखान्यांकडून अधिक मोलाची मागणी आली. शिवाय मुंबई राज्यात १९४९ च्या कायद्याने संपूर्ण दारूबंदी आली आणि मद्यार्काभोवतीचा पहारा पूर्वीहून कडक झाला. प्रवरानगरच्या सहकारी कारखान्यापासून महाराष्ट्रात साखरेचा पसारा वाढत गेला, मळीही वाढली. पण मोटारीच्या टाकीशी तिचा संबंध जुळला नाही. १९४८ चा तो कायदा अखेर २००० साली रद्दच करण्यात आला.

आणि दैवाची गंमत अशी की, कायदा रद्द झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी हा प्रयोग पुन्हा सुरू झाला, तोही आपल्या दारी. २००१ साली पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल, म्हणजे हाच निर्जल मद्यार्क, मिसळून पाहण्यासाठी देशात तीन ठिकाणे निवडण्यात आली. त्यांपैकी एक उत्तर प्रदेशात बरेलीजवळ आणि दोन महाराष्ट्रात, मिरज व मनमाड येथे. २००३ च्या जानेवारीत महाराष्ट्रासह नऊ राज्यांत हे मिश्रण लागू झाले. पण ऊस कमी पडताच पुढल्याच वर्षी सक्ती सैल करावी लागली. २०१८ च्या धोरणाने उसाचा रस आणि खराब झालेले धान्य वापरण्यास मोकळीक दिली. २०२२ साली मिश्रण दहा टक्क्यांवर गेले आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर. शंभर वर्षे रेंगाळलेली गोष्ट सात वर्षांत घडली. मोटार वापरणाऱ्यास याची जाणीव थोडीशी होते. कारण वीस टक्के मिश्रणाच्या लिटरमध्ये शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के उष्णता कमी असते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या व वळ्या मद्यार्कास कितपत टिकतील ही शंकाही निराधार नाही. पण या अडचणी यंत्राच्या आहेत, आणि यंत्र सुधारता येते.

खरा प्रश्न यंत्राबाहेरचा आहे, आणि तो मराठवाड्याइतका तीव्रतेने क्वचितच दुसरीकडे जाणवेल. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे. जायकवाडीच्या जलाशयावर संभाजीनगर शहर, त्याच्या औद्योगिक वसाहती आणि गोदाकाठची शेती या सर्वांची भिस्त. २०१६ च्या एप्रिलमध्ये दुष्काळ इतका कडक झाला की, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या भागातील मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचे पाणी प्रथम निम्म्याने आणि मग साठ टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात लातूरकरांसाठी मिरजेहून पाण्याच्या आगगाड्या निघाल्या. ज्या मिरजेने पंधरा वर्षांपूर्वी मद्यार्कमिश्रित पेट्रोलचा प्रयोग पाहिला होता, तीच मिरज आता तहानलेल्या मराठवाड्यास पिण्याचे पाणी पाठवीत होती. पुढे २०२३ साली पाऊस कमी झाला तेव्हा साखर पुरावी म्हणून उसाच्या रसाचे इथेनॉल करण्यावर डिसेंबरात निर्बंध घालावे लागले.

उसाची जागा आता बऱ्याच अंशी मक्याने घेतली आहे. सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या तालुक्यांत मक्याची शेते दूरवर पसरलेली दिसतात. मक्यास पाणी कमी लागते आणि इथेनॉलच्या मागणीने त्याचा भाव वधारला, ही कोरडवाहू शेतकऱ्यास दिलासा देणारी गोष्ट आहे. पण तोच मका कोंबड्यांचे व जनावरांचे खाद्य आहे; म्हणून कुक्कुटपालकांचे गाऱ्हाणेही तितकेच खरे. जी फुले भट्टीस हवी होती तीच आदिवासीच्या घरीही हवी होती. आज तोच पेच धान्याच्या रूपाने पुढे उभा आहे.

या साऱ्या इतिहासाकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. मद्यार्क हे इंधन म्हणून नापास झाले असे कधीच घडले नाही. टंचाई आली की त्याची आठवण झाली आणि तेल स्वस्त झाले की विसर पडला. प्रत्येक वेळी हिशेब गॅलनांचा, लिटरांचा व टक्क्यांचा झाला. परंतु हे इंधन ज्या वस्तूपासून निघते ती आधीच कोणाच्या तरी उपयोगाची असते, याचा हिशेब मागाहून करावा लागला. मोहाचे फूल हे अन्न होते, कोळसा हे जंगल होते, उसाचा रस म्हणजे पाणी होते आणि मका हे खाद्य आहे. यांत खरोखर टाकाऊ म्हणावी अशी वस्तू एकच होती, ती मळी. आणि तिचा इंधनासाठी उपयोग करण्यास आपण सर्वांत अधिक उशीर केला.

म्हणून पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रण झाले यात समाधान मानतानाच, पुढचा टक्का वाढविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हा मद्यार्क कशापासून निघाला, त्यासाठी पाणी कोणत्या धरणातून आले आणि ती वस्तू पूर्वी कोणाच्या ताटात किंवा गव्हाणीत जात होती? ऊस गाळल्यावर उरणारा चोथा, शेतातील धसकटे, खराब झालेले धान्य यांपासून निघणाऱ्या इंधनास या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येतात. चांगले धान्य आणि धरणाचे पाणी यांवर चालणाऱ्या इंधनास ती देणे जड जाते. शेंद्र्यात मोटारीचा आणि मद्यार्काचा कारखाना एकाच वसाहतीत नांदतात. दोघांनाही पाणी लागते, आणि ते पाणी ज्या जलाशयातून यावयाचे त्याच जलाशयाकडे शहर आणि गोदाकाठची गावे डोळे लावून असतात. तेलाच्या परावलंबनातून सुटण्याची इच्छा योग्यच आहे. तिची किंमत कोणी व किती द्यावी हे मात्र पाऊस चांगला असलेल्या वर्षीच ठरवून ठेवावे, दुष्काळात न्यायालयावर सोपवू नये.